सुतळी

बॅटरी माझ्या दप्तरात असायची,
स्कूटरची, जुनी, ॲसिड पाझरणारी.
चौथीच्या भूगोलाला तिनं पाडलेली भोकं
मी गुरुजींना वाळवीची म्हणून सांगितली.
दप्तरातून वायर निघायची डोमामामाच्या हातापर्यंत,
हातात राजदूतचा हेडलाइट,
आणि त्याच्या गुडघ्याशी, दोरीच्या फासात थरथरत,
सुतळी.

बाप कारवानी, आई पिपळ्याच्या आटाचक्कीवरची.
बापाचे पाय आले, आईची अक्कल.
"उलटं झालं असतं तं," मामा म्हणे,
"काय कामाची होती?"

वर्षभर त्यानं तिला उजेड दाखवलाच नाही.
कवळ्या हाडाले रात्र सोसत नाही बावा.
नुसतं चालवलं मागं मागं, धुऱ्याधुऱ्यानं,
कोंबड्यांतून, शेरड्यांतून, पऱ्हाटीच्या खुंटांतून.
काटेरी तार दिसली की बसायचा,
एकेका काट्याला तिचं नाक टेकवायचा,
आणि मग उठायचा.

नागपूर तेव्हा बेशाच्या अलीकडंच संपायचं.

पौषातली अवस. वारा समोरून. हरभरा घोट्याएवढा.
मामानं खटका दाबला
आणि शेताला पांढरी पायवाट फुटली,
टोकाला दोन निखारे.
सुतळी सुटली ती स्वतःच्याच सावलीमागं.
सावली तिच्याहून मोठी, तिच्याहून पुढं.
ससा केव्हाच डावीकडं वळून गेला
आणि ही त्या काळ्या कुत्रीला धरायला
थेट तुरीत घुसली.

मी हसलो. मामा नाही.
त्यानं उजेड बंद केला.
अंधार असा की पाठीवरचं दप्तर
कुणी परक्यानं ठेवल्यासारखं वाटलं.
शीळ नाही, हाक नाही.
पुष्कळ वेळानं माझ्या पिंढरीला
एक ओलं नाक लागलं.
"शिकली," मामा म्हणाला.
"धरनं आपोआप येते.
वापस येनं शिकवा लागते."

उजेड म्हणजे जा.
उजेड गेला म्हणजे ये.
मला सतराचा पाढा येत नव्हता,
तिला हे दोन शब्द पाठ होते.

एकदा भुंकली. मामानं महिनाभर घरी बांधली.
होळीआधीच्या अवसेला मात्र
ती उजेडात शिरलीच नाही.
उजेडाच्या काठाकाठानं, अंधारातून पळाली,
ससा वळला तिथं ती आधीच होती.
तो ओरडला, पाळण्यातल्या पोरासारखा.
वायर माझ्या बोटांत होती. उपटावी वाटलं.
उपटली नाही.
घरी रस्सा दोनदा मागून घेतला.

मग हरभऱ्यात चुन्याच्या रेघा आल्या.
नंबर घातलेले दगड, एक कमान,
कमानीवर कुण्या देवीचं नाव आणि पुढं नगर.
ससे होते अजून, प्लॉट नंबर चाळीसच्या आसपास,
पण मामा आता लेआउटचा चौकीदार,
कंपनीची शिट्टी, कंपनीची टॉर्च,
आणि सशांकडं बघायची मनाई.
सुतळीचे पुढचे दात गेले होते.

खांब लागले त्या रात्री मी तिथंच होतो,
इंजिनिअरिंगच्या सुट्टीत, डबा घेऊन.
बारा दिवे एकदम पेटले.
म्हातारी उठली.
चौथ्या खांबाखालच्या गोलाच्या काठाशी गेली,
एक पाय उचलून थांबली.
मामानं हाक दिली. शिट्टी वाजवली.
ती हलेना.
उजेड गेला नव्हता.

अकरा, एक, तीन.
मी खाटेवरून बघत होतो,
तो उचललेला पाय कधी टेकायचा, कधी परत वर.
सशांचा पत्ता नाही.
किडे पडत होते तिच्या पाठीवर.

सहाला कुठंतरी टायमर पडला, खट्.
दवानं भिजलेली ती वळून आली.
मामा खुर्चीत झोपलेला, मान कलंडलेली,
हात लोंबत होता, त्याला तिनं नाक लावलं.
आणि त्यानं डोळे न उघडता
तिचा जबडा चाचपला,
अंगठ्यानं हळूच उघडला,
ससा काढून घ्यायला.